रक्त नेलं ते कशासाठी

खोडाळ्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. जयवंती माझं जुनं गिऱ्हाईक. लग्न होऊन जवळच्या पाड्यावर आली तेव्हा अंगाने इतकी बारीक, की दुसरीच्या ब्लाउजमधून उरलेल्या तुकड्यात तिच्या बाह्या निघायच्या. पुढे ती नवऱ्याबरोबर, दिपेशबरोबर, भिवंडीला गेली. भात झोडून झालं की कामाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं इकडचे पुष्कळ जण करतात. हे दोघे मात्र तिकडेच राहिले. खोली घेतली, गोदामात काम धरलं. गावी यायचे ते शिमग्याला आणि लावणीला तेवढे.

दर शिमग्याला ती माझ्याकडे मापाला उभी राहायची आणि दर शिमग्याला माझी टेप थोडी पुढे सरकायची. "शहर मानवलं हं तुला," मी म्हणायची. ती हसायची. पाड्यावर तर तिच्या अंगाचं कौतुकच होतं. तिची सासू माघी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगायची, "माझी धाकटी सून सुखात हाय. अंगावर दिसतंय ना?" थोरली सून रुपी घरीच असायची. शेत, लाकूडफाटा, कुणाच्या तरी बांधावरची मजुरी, यात ती सुकल्या काटकीसारखी झाली होती. माघी धाकटीचं कौतुक करायला लागली की रुपी कळशी उचलून वाटेला लागायची.

मागच्या शिमग्याला जयवंती आली ती दुकानाची चौकट धरून पायरी चढली. चालताना दोन्ही बाजूंना डुलत होती. माप देऊन स्टुलावर बसली आणि मग तिला उठताच येईना. शेवटी मांड्यांवर हात रोवून, स्वतःच्याच अंगावर चढावं तशी ती वर आली.

"काय झालं गं?"

"काय म्हायत. हाडं ठणकतात. मांड्यांत जीव नाय ऱ्हायला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कामावरनं काढलंय मला. खालचा खोका उचलाया वाकले की वर येता येत नव्हतं. घरात नाय सांगितलं अजून."

त्याच आठवड्यात मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची माणसं खोडाळ्यात आली. माझ्या दुकानासमोरच्या समाजमंदिरात त्यांनी शिबिर मांडलं. शहरात गेलेली माणसं शिमग्याला गावी येतात हे हेरूनच ते आले होते. त्यांना जोड्या हव्या होत्या. एकाच घरातलं एक माणूस शहरात राहणारं, एक गावातच राहिलेलं. दोघांचं वजन, दोघांची चरबी मोजायची आणि दोघांचं रक्त घ्यायचं. पाड्यापाड्यावर जाऊन अशी घरं दाखवायला त्यांनी चंदूला धरलं. चंदू म्हणजे रुपीचा धाकटा भाऊ. मोटारसायकल असलेला, बोलायला गोड, सगळीकडे ओळखी. तो पहिल्यांदा आपल्या बहिणीच्याच घरी गेला.

जयवंती यायला तयार नव्हती. काही वर्षांपूर्वी पाड्यावर असेच कुणीतरी आले होते. बायकांचं रक्त घेतलं, बिस्किटं वाटली, गेले. त्या रक्ताचं काय झालं, कुणाला काय निघालं, हे सांगायला पुन्हा कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून पाड्यावर नाना बोलणी होती. कुणी म्हणे रक्त विकतात, कुणी म्हणे आपल्यावर औषधं करून बघतात. पण गावातली आशा कार्यकर्ती पुष्पाताई घरी येऊन बसली, माघी म्हणाली, "जा, फुकट तपासतात तर बघू दे, खरंच काय हाय का नाटक हाय," आणि त्या शब्दाने डिवचली जाऊन जयवंती आली. रुपी तिच्या मागून.

मी मशीन थांबवून समाजमंदिराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत एक वजनकाट्यासारखं यंत्र होतं. त्यावर अनवाणी उभं राहायचं आणि हातात दोन मुठी धरायच्या, की अंगात चरबी किती ते पडद्यावर दिसायचं. रुपी मुकाट्याने चढली. चरबी नावालाच होती. जयवंतीची पाळी आली तेव्हा ती यंत्रासमोरच थांबली.

"यातनं करंट जातो ना?"

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील, केसांत एक पांढरी बट. खोटं बोलल्या नाहीत. "जातो, पण इतका बारीक की कळत नाही."

"मंग तुमी आधी चढा."

सगळ्या बायका हसल्या. डॉक्टरबाईंनी चपला काढल्या आणि चढल्या. पडद्यावर आकडा आला तो जयवंतीच्या आकड्यापेक्षा फार मागे नव्हता, हे मागाहून कळलं. बाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. मग जयवंती चढली.

रक्त देताना ती पुन्हा अडली. "ह्ये कुठं नेणार?"

"मुंबईला. प्रयोगशाळेत."

"आणि काय निघालं ते सांगाया कोण येणार?"

"मी येईन."

"मागचे पण असंच बोलले व्हते," जयवंती म्हणाली. पण दंड पुढे केला. सुई टोचली तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही. नळीत रक्त चढताना ती एकटक बघत होती, जणू कुणी किती नेतंय यावर नजर ठेवायची होती.

शिमगा झाला. दिपेश भिवंडीला एकटाच परत गेला. "बरी हो, मग ये," एवढंच म्हणाला. काम गेल्याचं घरात कळलंच होतं. आता जयवंतीच्या डोक्यात नवा किडा शिरला. हा फोन का करत नाही? केला तर लवकर का ठेवतो? मला इथे सोडून मोकळा तर झाला नाही? माझ्या दुकानात येऊन बसायची आणि असंच काहीबाही बोलायची. मी समजूत घालायची, पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच येत होतं.

घरात तर तिचा एकेक दिवस कठीण होता. राब भाजायचे दिवस. डोंगरावरून पालापाचोळ्याचे भारे आणून शेतात पसरायचे आणि जाळायचे. रुपी भारे वाहायची. जयवंती उंबऱ्याशी बसून नागली, म्हणजे नाचणी, पाखडायची. जी माघी तिचं अंग दाखवत फिरायची, तीच आता तेच अंग दाखवून बोलायची. "एवढी धडधाकट, अन् कळशी उचलवत नाय? कुठं सूज नाय, ताप नाय, मंग दुखतंय काय?" रुपी फार बोलणारी नव्हती. एकदाच म्हणाली, "बसून खायची सवय लागली की हाडं अशीच बोलतात." जयवंतीला ते फार लागलं. कारण न दिसणाऱ्या दुखण्याची साक्ष कोण देणार?

मग एक दिवस पुष्पाताई औषधाच्या पुड्या घेऊन आली. डॉक्टरबाईंचा फोन आला होता. जयवंतीच्या रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं होतं, अगदी तळाला. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची. बाकीचं सविस्तर बोलायला बाई स्वतः येणार होत्या.

"ड जीवनसत्त्व म्हंजे?"

"उन्हातनं मिळतं ते," पुष्पाताई म्हणाली.

घरातले सगळे हसले. बाहेर माळ तापून पांढरा पडला होता आणि या बाईला ऊन कमी पडलं! जयवंतीला तर आपली चेष्टाच केल्यासारखं वाटलं. तिने पुड्या घेतल्या, पण घेतल्या म्हणजे नुसत्या हातात घेतल्या. पुष्पाताई गेल्यावर तिने त्या भाताच्या कणगीमागे सारल्या. पोर होणं बंद करायच्या पुड्या कशावरून नसतील? रुपीला पुडी नाही, पाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्या बाईला नाही, मला एकटीलाच का? चिमी ही तिची एकुलती मुलगी आश्रमशाळेत शिकत होती. अजून एक मूल व्हावं असं तिच्या मनात होतं, आणि ते तिने तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणून ती भीती जास्तच खोल गेली.

थोड्या दिवसांनी चंदू आला. मोटारसायकलला मोठी पिशवी, पिशवीत डबे. डब्यावर हाडांच्या सांगाड्याचं चित्र. "ज्यांचं रक्त घेतलं त्यांच्यासाठी आलंय," तो सांगत होता. "डॉक्टरबाईंनीच पाठवलंय. पुड्यांनी काय होत नाय, सरकारी माल. ह्ये खरं औषध." शिबिराला गेलेल्या घरांत तो एकेक करून फिरला. लोकांनी घेतलेही. कुणी कोंबड्या विकून घेतले. रुपीनेही एक घेतला, भाऊच आणतोय म्हटल्यावर.

"तुझ्या दुखऱ्या हाडांना ह्येच लागंल," तो जयवंतीला म्हणाला. तिने घेतला नाही. डबा हातात फिरवून ती चंदूला म्हणाली, "माझी हाडं दुखतात ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"तिथंच होतो ना मी."

"तिथं तर मी कुणाला बोलले नव्हते. यंत्रावर चढले, रक्त दिलं."

चंदू हसला आणि विषय बदलला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, घामाने थबथबलेली. पाड्यावरून बाजारापर्यंत चालायला तिला एरवीच्या दुप्पट वेळ लागला होता.

"आता कळलं रक्त कशाला नेलं," ती म्हणाली. "आमाला आजारी म्हणायचं आणि आमालाच डबं विकायचं. ती बाई चढली ना यंत्रावर, मला वाटलं खरी हाय. सगळी एकच." मग माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्याकडं पण आला व्हता काय चंदू? दुकानात डबं ठेवा म्हणून?"

आला होता. मी नाही म्हटलं होतं, ते त्याच्यावर संशय होता म्हणून नाही, जागा नव्हती म्हणून. मी तसं सांगितलं. तिचा विश्वास बसला की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

डॉक्टरबाई आल्या. उशिरा आल्या, पण आल्या, आणि बाजाराच्या दिवशी आल्या. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या. शिबिरातली बहुतेक माणसं आली होती. चंदू दाराशी लोकांना बसवत होता. बाई बोलायला उभ्या राहिल्या तोच जयवंती पुढे गेली. रुपीच्या घरातला डबा तिने न विचारता उचलून आणला होता. तो तिने टेबलावर ठेवला.

"बाई, ह्ये तुमी पाठवलं?"

बाईंनी डबा उचलला, मागचं बारीक अक्षर वाचलं, झाकण उघडून वास घेतला. "हे काय आहे?"

"तुमचं औषध. घराघरात विकलंय. तुमच्या नावानं."

बाईंचा चेहरा उतरला. आधी त्या चिडल्या, तेही जयवंतीवरच. त्यांना वाटलं ही बाई कुणीतरी शिकवून पाठवली आहे. "मी असलं काही पाठवत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

जयवंतीने नाव घेतलं नाही. ती फक्त दाराकडे बघायला लागली. हळूहळू सगळेच दाराकडे बघायला लागले. चंदू म्हणाला, "मी फक्त ताकदीचं म्हणून दिलं. बाईंचं नाव मी कशाला घेईन?" तेव्हा मागून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "माझ्या ओटीवर बसून घेतलंस." मग दुसरी बाई बोलली, मग तिसरी. चंदू बाहेर गेला, मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. रुपी भिंतीशी बसली होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उठून निघून गेली.

बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की डबा त्यांचा नाही, त्यात बहुतेक साखर आणि पीठ आहे, आणि त्या माणसाला हाताशी धरलं ही त्यांची चूक. पुढे कुठल्या घरी जायचं तर पुष्पाताईबरोबर जातील. लोकांनी ऐकून घेतलं. किती जणांना पटलं, मला सांगता येणार नाही. पाच-सहा जण तर तेवढ्यात उठून गेले.

मग बाई जयवंतीजवळ येऊन बसल्या. मीही तिथेच होते.

"पुड्या घेतल्यास?"

"नाय."

"का?"

"कसल्या हायत त्या?"

बाईंनी पर्समधून तसलीच एक फाडलेली पुडी काढून दाखवली. "मी पण घेते. माझंही कमी आहे. मी दिवसभर दवाखान्यात, दिव्याखाली. मूल होण्याशी याचा काही संबंध नाही. पुष्कळ बायकांना हीच भीती असते, तुलाही तेच विचारायचंय ना?"

जयवंती दचकली. मग म्हणाली, "मंग रुपीला का नाय? आमी एकाच घरातल्या."

बाईंनी तिला तिच्या दिवसाबद्दल विचारलं. जयवंतीने सांगितलं. भिवंडीत गल्ली इतकी अरुंद, की खोलीत दुपारीही दिवा लागायचा. सकाळी गोदामाच्या गाडीत बसायचं, आत गेलं की वर पत्रा, खिडकी नाही, ट्यूबलाइटखाली पार्सलं बांधायची. जेवणही आतच, गोदामाबाहेरच्या टपरीवरून आलेला वडापाव नाहीतर फरसाण. बाहेर पडताना संध्याकाळ व्हायची. गाडीत बसेपर्यंत अंधार.

"जेवणाच्या सुट्टीत बाहेर का नाही बसत?"

"बाहेर पडलं की झडती. ब्लाउजात हात घालून बघतात. माल चोरला काय म्हणून. परत आत येताना पण. कोण जाईल रोज?"

बाईंनी झडतीचं वहीत लिहून घेतलं. मग सावकाश समजावून सांगायला लागल्या. ऊन अंगावर पडलं की कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं. आपली कातडी सावळी, तिला ऊन जास्त वेळ लागतं. आणि हे तेलात विरघळणारं आहे, म्हणून अंगात चरबी जास्त असली की ते चरबीत मुरून राहतं, रक्तात कमी उतरतं. रक्तात नाही तर हाडांना चुना मिळत नाही, हाडं मऊ पडतात, मांड्यांतला जोर जातो. ऊन सोडून लांबच्या देशात राहायला गेलेल्या लोकांत हे पुष्कळ दिसलंय. आपला माणूस खोडाळ्यातून भिवंडीला गेला तरी तेच होतं का, हे त्यांना बघायचं होतं. रुपीचंही फार नव्हतं, पण चालण्यासारखं होतं. ती उन्हात वाळलेली होती आणि तिच्या अंगात त्या जीवनसत्त्वाला लपायला जागाच नव्हती.

"म्हंजे माझं अंगच माझं औषध खातंय?"

"खात नाही. दडवून ठेवतं. म्हणून तुला औषधही जास्त दिवस लागेल."

"मी नाटक करत नव्हते ना?" जयवंतीने विचारलं. हे तिने फार हळू विचारलं.

"नाही."

त्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा रडली. बाईंसमोर रडली नव्हती.

तरी पहिली पुडी तिने पुष्पाताईला घरी बोलावून, तिच्यादेखत फोडली आणि अर्धा घोट आधी तिलाच प्यायला लावला. पुष्पाताई बिचारी प्यायली. मग आठवड्यामागून आठवडे गेले. सकाळचं काम झालं की जयवंती दंड, पाठ उघडी टाकून अंगणात बसायची. वडे, फरसाण सुटलंच होतं. सुरुवातीला काही फरक पडेना, तेव्हा तिचा संशय पुन्हा वर आला. पुड्या जुन्या असतील, दूध पातळ असेल. पण हळूहळू हाडांची ठणक कमी झाली. एक दिवस ती माझ्या दुकानाची पायरी चौकट न धरता चढली. चढली ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती मागे वळून पायरीकडे बघत राहिली.

घरात मात्र नवीच कोंडी झाली होती. रुपी तिच्याशी बोलत नव्हती. चंदूला आता बाजारात कुणी जवळ करत नव्हतं, आणि ते जयवंतीमुळे झालं, असं रुपीच्या माहेरी सगळे म्हणत. माघी दोघींच्या मध्ये बसून दोघींनाही वेगवेगळं ताट वाढायची.

लावणीला दिपेश आला. जयवंती त्याच्यावर तुटून पडली, फोन का नाही, कोण आहे तिकडे. तो म्हणाला, "खोली सोडली मी. दोघांच्या पगारात परवडत व्हती. आता चौघांबरोबर झोपतो. तुला काय सांगू? तू म्हणाली असतीस, मी येते कामाला." हे खरं होतं, तिने तेच केलं असतं. तिने त्याच्याबरोबरच्या एका माणसाला आडून विचारूनही घेतलं. खरं निघालं. तरी ती भिवंडीला परत गेली नाही. "झडतीच्या दारात मी आता जाणार नाय," म्हणाली. दिपेश एकटा जातो, महिन्याला येतो. पाड्यावर अजून कुजबुज आहे, की त्याने हिला टाकली. जयवंती म्हणते, बोलू दे.

नागलीच्या शेतात खुरपणी चालली होती, तेव्हाची गोष्ट तिने मला सांगितली. रुपी आणि ती शेजारच्या ओळींत होत्या, नेहमीसारख्या गप्प. मध्येच रुपी थांबली.

"तो डबा तू उचलून नेलास ना," ती म्हणाली, "त्याच्या आधीच मला कळलं व्हतं. दुधात टाकला तर पिठाच्या गाठी झाल्या. गोड लागला. माझाच भाऊ, म्हणून बोलले नाय. तुझ्या पुड्या पण मी बघितल्या व्हत्या कणगीमागं. त्ये पण बोलले नाय. म्हटलं, नाटक करते तर करू दे."

रुपीच्या हातावरचा घाम मातीत पडत होता.

"तुझं रक्त चांगलं निघालं म्हणं," जयवंती म्हणाली.

"चांगलं कसलं. चालण्यासारखं." रुपीने खुरपं पुन्हा मातीत घातलं. "पुढं सरक. ही ओळ माझी हाय."